पऱ्हाट्या, गोमूत्राची माती आणि नव्वद दिवस: इंदूरच्या खतखड्ड्यांचा प्रकरण अभ्यास

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की रानात पऱ्हाट्या तेवढ्या उभ्या राहतात. टणक, वाळक्या, हाताला ओरखडे काढणाऱ्या. उपटून बांधाला रचा, चुलीला न्या, नाहीतर काडी लावून मोकळे व्हा, वाटा तीनच. तुराट्यांचंही तेच. शंभर वर्षांपूर्वी माळव्यातल्या काळ्या जमिनीवर काही माणसांनी या दोन्हींसाठी चौथी वाट शोधली. ती त्यांनी इतक्या बारकाईने लिहून ठेवली, की आजही कुणी ‘इंदूर पद्धतीचं कंपोस्ट’ म्हणतो तेव्हा तो त्याच शेताची आठवण काढत असतो.

नाव सगळ्यांना माहीत आहे. कृती मात्र एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरता उतरता ‘थरावर थर रचा, पाणी मारा, पंधरा दिवसांनी उलथा’ एवढीच उरली. मला ते मनापासून खटकतं. कारण या प्रकरणातला खरा शोध थरांमध्ये नव्हताच. तो गोठ्याच्या जमिनीत होता, आणि कुजवण्याचं काम शेताच्या बाहेर उरकायचं या निर्णयात होता. म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडतो.

जागा, माणसं आणि नड

अल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. मूळचे इंग्लंडमधल्या श्रॉपशायरच्या शेतकरी घरातले. पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून गव्हाचे वाण तयार केले. ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’ हे त्यातलेच. पण तिथे संशोधनाची खाती पाडलेली होती. बुरशी बघणारा वेगळा, किडी बघणारा वेगळा, माती तपासणारा वेगळा. पीक आजारी पडलं की ज्याने त्याने आपापला तुकडा बघायचा. हॉवर्ड दांपत्याला हे पटेना. पीक, त्याखालची जमीन, पाणी आणि गोठ्यातली जनावरं एकाच नजरेखाली अभ्यासायला मिळावीत म्हणून त्यांनी वेगळ्या संस्थेचा ध्यास घेतला. १९२४ साली इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली ती त्यातून. पैसा इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा, जमीन होळकर दरबाराने दिलेली, सुमारे ३०० एकर.

मुख्य पीक कापूस. जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसाळ्यात वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, यायला दिवसच्या दिवस लावणारी. अशा जमिनीत हवा खेळत नाही, ही तिची मोठी अडचण. ती भुसभुशीत राहायची तर सेंद्रिय पदार्थ हवा, आणि सेंद्रिय पदार्थ म्हटलं की शेणखत. इथेच सगळं अडत होतं. शेण होतं, पण त्याच्या गोवऱ्या थापल्या जात होत्या, कारण चुलीला दुसरं जळण नव्हतं. जे थोडं उकिरड्यावर पडे ते उन्हाने वाळे, पावसाने धुपून जाई. म्हणजे एकीकडे शेणाची चणचण, तर दुसरीकडे पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचं पाचट, तण, पालापाचोळा यांचे ढीग. या दोन्हींची सांगड घालायची, आणि ती साध्या शेतकऱ्याला परवडेल अशा साधनांनी घालायची, हा इंदूरपुढचा प्रश्न होता.

या कामातली रसायनशास्त्राची बाजू सांभाळली यशवंत वाड यांनी. १९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने इंदूरच्या कामाचं पुस्तक छापलं, त्यावर हॉवर्ड यांच्या शेजारी वाड यांचंही नाव आहे. आपल्याकडे इंदूर पद्धत म्हटलं की हॉवर्ड यांचं नाव निघतं, वाड यांचं जवळजवळ कुणी घेत नाही. ढिगात किती नत्र, म्हणजे नायट्रोजन, गेलं आणि शेवटी किती उरलं, हा ताळेबंद प्रयोगशाळेत मांडल्याशिवाय ही पद्धत पारखून घेता आली नसती, त्यामुळे हे नाव सुटणं मला अन्यायाचं वाटतं. गॅब्रिएल हॉवर्ड १९३० साली वारल्या. पुस्तक हाती घेणं त्यांच्या नशिबी नव्हतं. आणि १९३१ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर सोडलं.

सरळ वाट का चालली नाही

आजही अनेकांच्या मनात येतं ते तेव्हाही येत होतं. कचरा कुजवत कशाला बसायचं? सरळ नांगरून गाडून टाकावा, जमीन बघून घेईल. तागासारखं पीक पेरून फुलावर आलं की गाडण्याचे, म्हणजे हिरवळीच्या खताचे, प्रयोग देशात बऱ्याच ठिकाणी चालले होते. फळ एकसारखं मिळत नव्हतं. एखाद्या वर्षी पीक जोमदार येई, एखाद्या वर्षी काहीच फरक दिसत नसे, आणि कधी पुढचं पीक उलट मार खाई.

हे का होतं ते समजून घ्यायला थोडा हिशेब करावा लागतो. कचरा कुजवणारे जिवाणू आणि बुरशा कर्ब, म्हणजे कार्बन, खातात, त्यातून ऊर्जा मिळवतात आणि आपली शरीरं बांधतात. शरीर बांधायला त्यांना नत्र लागतं. खाल्लेल्या कर्बापैकी साधारण दोन तृतीयांश कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो, उरलेला शरीरात बसतो. हे सगळं जमेला धरलं तर एक भाग नत्रामागे तीसच्या आसपास कर्ब असेल तेव्हा त्यांचं पोट नीट भरतं. ताज्या शेणात हे प्रमाण वीस-पंचवीसाला एक असं असतं. गव्हाचं काड, पऱ्हाट्या, तुराट्या यांत ते साठ-ऐंशीला एक, कधी त्याहून जास्त. म्हणजे पऱ्हाटी मातीत गाडली की जिवाणूंपुढे ताट वाढलेलं, पण त्यात नत्र नाही. मग ते मातीतलं नत्र उचलतात, जे पिकासाठी असतं. वरून पेरणी झालेली असेल तर रोपं पिवळी पडतात. शेतकरी म्हणतो, जमीन थंड पडली. जमीन थंड पडलेली नसते. तिच्या पोटात दुसरीच पंगत बसलेली असते आणि पीक दाराशी उपाशी उभं असतं.

काळ्या जमिनीत यात आणखी एक भर पडते. कुजण्याला प्राणवायू लागतो. पावसाळ्यात भारी जमिनीत आधीच हवेचा तुटवडा. त्यात कुजणारा कचरा उरलीसुरली हवाही खाऊन टाकतो. मुळं गुदमरतात.

हॉवर्ड आणि वाड यांचा निष्कर्ष असा होता की जमिनीवर एकाच वेळी दोन ओझी टाकू नयेत. पीक वाढवणं हे तिचं काम. कचरा पचवण्याचं काम तिच्यापासून वेगळं काढावं, शेताबाहेर करावं आणि तयार झालेला पदार्थ तिला द्यावा. चीनमधले शेतकरी शेतातला, घरातला सगळा कचरा कुजवून मग जमिनीला परत देतात, याचं सविस्तर वर्णन अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांच्या पुस्तकातून १९११ साली प्रसिद्ध झालं होतं. ते हॉवर्ड यांच्यापुढे होतं. चीनची ती सवय मोजून, मापून, माळव्याच्या हवेत आणि बैलांच्या शेतीत बसवणं हे इंदूरचं काम.

गोठ्याची जमीन

शेताबाहेर कुजवायचं ठरलं तरी नत्र कुठून आणायचं हा प्रश्न होताच. शेण तर पुरेसं नाही. उत्तर पायाखाली निघालं.

जनावराच्या मलमूत्रातून जे नत्र बाहेर पडतं त्यातला जवळपास निम्मा वाटा मूत्रात असतो, आणि पालाशचा (पोटॅशचा) तर बहुतेक सगळा. गोवरी थापताना आपण ज्या शेणाला जपतो, त्याच्या तोडीचा ऐवज गोठ्यातून वाहून जातो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. इंदूरला गोठ्याची जमीन मुद्दाम मातीची ठेवली. बैलांचं मूत्र त्या मातीत मुरे. दर तीन-चार महिन्यांनी ती माती खोदून काढायची, ढेकळं फोडून बारीक करायची, आडोशाला कोरडी साठवायची, आणि गोठ्यात नवी माती भरायची. या साठवलेल्या मातीला ते खड्ड्यासाठी विरजणासारखं जपत. कचऱ्यातल्या कर्बाला लागणारं नत्र ती पुरवी, आणि त्यामुळे थोड्याशा शेणात पुष्कळ कचरा कुजून निघे. गोवऱ्यांची चूल बंद करा असा उपदेश न करता शेणाचा पैस वाढवला, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं.

पऱ्हाट्या-तुराट्यांचा टणकपणा मोडायला त्यांनी काढलेली युक्तीही तितकीच साधी. त्या आणून शेतावरच्या रस्त्यांवर पसरत. दिवसभर बैलगाड्या त्यावरून जात. लोखंडी धावेखाली काड्या चेपत, चिरत, तुकडे होत. मग तो चुरा उचलून बैलांच्या खाली अंथरूण म्हणून टाकत. रात्रभर बैल त्यावर बसत, शेण-मूत्र त्यात भिजे, आणि सकाळी ते अंथरूण गोळा करून खड्ड्याकडे नेलं जाई. वेगळं यंत्र नाही, वेगळी मजुरी जवळजवळ नाही. चिरलेल्या काडीत पाणी शिरतं आणि बुरशीला आत जायला वाट मिळते. अख्खी पऱ्हाटी वर्षभर पाण्यात पडली तरी कुजत नाही, ती या मार्गाने तीन महिन्यांत हाताने चुरडण्याजोगी होत असे.

खड्डा

खड्डे तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि जेमतेम दोन-तीन फूट खोल, बाजू उतरत्या. खोलीच्या मापाला सगळ्यात जास्त महत्त्व होतं. कुजणाऱ्या ढिगात हवा वरून दीड-दोन फुटांपर्यंतच आपोआप शिरते. त्याखाली ती शिरावी म्हणून भरता भरताच ढिगात पहारीने उभी छिद्रं पाडत. आपल्याकडे खतखड्डा म्हटला की माणूसभर खोल खणायची सवय आहे, तिथे पहिली चूक होते. खोल खड्ड्यात खालचा भाग सडतो, कुजत नाही. हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण वासाने त्यातला फरक लगेच कळतो.

भरण्याचा क्रम असा. तळाशी मिश्र काडीकचरा, साधारण वीतभर. मिश्र हा शब्द महत्त्वाचा: सुकवलेलं तण, वाळली काडी, पाला, चेपलेल्या पऱ्हाट्या असं सगळं एकत्र. एकाच जातीचा कचरा नको. हिरवा असेल तर आधी सुकवून घ्यायचा, नाहीतर त्याचा चिकट लगदा होऊन हवा बंद होते. त्यावर शेणाने-मूत्राने भिजलेल्या अंथरुणाचा पातळ थर. त्यावर गोठ्यातली माती आणि लाकडाची राख भुरभुरवायची. राख आंबटपणा मारते. मग पाणी शिंपडायचं. असे थर चढवत जायचे, पण तुडवायचे नाहीत. त्यावर उभं राहून भरलं की खालची हवा गेलीच. खड्ड्याच्या एका टोकाला काही फूट जागा मोकळी सोडायची, म्हणजे पुढे उलथताना माल सरकवायला वाव राहतो. शेजारच्या दहा-पंधरा दिवसांच्या खड्ड्यातली पांढऱ्या बुरशीने भरलेली काडी थोडी आणून यात मिसळायची. दही लावायला ताक घालावं, तसं.

मिश्रणातलं कर्ब-नत्राचं प्रमाण त्यांनी ३३ ला १ ठेवलं होतं. तयार खतात ते खाली येऊन १० ते १२ ला १ होतं, म्हणजे जवळजवळ चांगल्या मातीतल्या ह्युमसइतकं, पूर्ण कुजून मातीत मुरलेल्या सेंद्रिय पदार्थाइतकं.

पहिल्या काही दिवसांत ढीग तापतो, ६० ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत. या उष्णतेत तणांचं बी मरतं, रोगजंतू मरतात, माश्यांच्या अळ्या टिकत नाहीत. पहिली पलटी पंधरवड्याने, दुसरी महिन्याच्या सुमारास, तिसरी दोन महिन्यांनी. प्रत्येक वेळी बाहेरचा माल आत, आतला बाहेर, आणि कोरडं असेल तिथे पाणी. तीन महिन्यांनी खत तयार. सुरुवातीला बुरशीचं राज्य, नंतर जिवाणूंचं, आणि प्रत्येक पलटीला हवा मिळाली की कामाला नवा जोर.

हे मी पुस्तकातून वाचलं होतं, पण पटलं ते एका फसलेल्या ढिगाने. तुराट्या कोयत्याने वीतवीत तोडून, मध्ये मध्ये शेण टाकून मी ढीग रचला होता. तापला छान, तिसऱ्या दिवशी आत खुपसलेली सळई बाहेर काढली तर हातात धरवेना. आठव्या दिवशी गार. मला वाटलं, झालं काम. उलथला तर आत काड्या तशाच, वरून राखाडी-पांढरी भुकटी बसलेली, फुंकर मारली की उडणारी, आणि आतलं सगळं खुळखुळीत वाळलेलं. उष्णतेने पाणी उडून गेलं होतं आणि बुरशी तहानेने थांबली होती. पाण्यात गोमूत्र मिसळून थराथराला मारलं, पुन्हा रचलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ढिगाच्या डोक्यावरून वाफ निघत होती. त्या दिवसापासून एकच कसोटी पाळतो. आतला मूठभर माल घट्ट दाबायचा. बोटांना ओल लागली पाहिजे, पण थेंब गळता कामा नये. थेंब गळला तर हवा कमी. ओलच लागली नाही तर पाणी कमी. ढीग गार पडला म्हणजे खत झालं, असं कधीच समजू नये; काडी ओढून बघावी, सहज तुटते का.

वास हीही तशीच कसोटी. नीट चाललेल्या ढिगाला पहिल्या पावसानंतरच्या रानाचा वास येतो. नाकाला झोंबणारा वास आला तर नत्र अमोनिया होऊन उडतंय, म्हणजे काडी कमी पडली. कुजक्या अंड्याचा वास आला तर ढीग गुदमरलाय.

पावसाळ्यात इंदूरचे खड्डे पाण्याने भरत. म्हणून त्या चार महिन्यांत जमिनीवरच ढीग रचायचे: तळाशी आठ फूट चौरस, माथ्याला सात फूट, उंची दोन फूट. बाकी सगळं तसंच.

पिकात काय दिसलं, आणि त्यातलं खताचं किती

काही वर्षांत संस्थेच्या कापसाचं सरासरी उत्पन्न शेजारच्या शेतांच्या जवळपास तिप्पट झालं, अशी हॉवर्ड यांची स्वतःची नोंद आहे. हा आकडा सांगताना पुष्कळ जण इथेच थांबतात. मला थांबावंसं वाटत नाही. त्याच वर्षांत त्या जमिनीवर बांधबंदिस्ती झाली, साचणारं पाणी काढून द्यायची सोय झाली, मशागत सुधारली, निवडक बियाणं पेरलं गेलं. काळ्या जमिनीत नुसता पाण्याचा निचरा साधला तरी कापूस दिसण्याइतका फरक दाखवतो. यातलं किती खताचं आणि किती इतर गोष्टींचं, हे वेगळं काढायला खत न घातलेले तुकडे शेजारी ठेवून वर्षानुवर्षं मोजावं लागतं. हॉवर्ड यांचा अशा छोट्या चौरस तुकड्यांवरच्या प्रयोगांवर विश्वास नव्हता. अख्खं शेत आणि अख्खा गोठा बघा, असं त्यांचं म्हणणं. त्यामागची कळकळ मला समजते. पण पुढे रासायनिक खतांच्या बाजूने आणि विरोधात जे वाद झाले त्यात हा आकडा दोन्हीकडून ओढला गेला, तो या उणिवेमुळेच.

नत्राचा साधा हिशेब केला तर भ्रम राहत नाही. एक टन चांगल्या कंपोस्टमध्ये नत्र दहा किलोच्या आसपास असतं. युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यात ते वीस किलोंहून अधिक. फक्त नत्रासाठी कंपोस्ट करायचं म्हटलं तर कुणालाही ते आतबट्ट्याचं वाटेल. कंपोस्टचा उपयोग दुसरीकडे आहे. काळ्या मातीतली चिकण ह्युमसच्या संगतीने रव्याळ होते. त्या रव्यांच्या मधून पाणी खाली उतरतं, हवा आत येते, नांगर कमी जोरात चालतो, वाफसा लवकर येतो, आणि पावसाने ताण दिला की ओल जास्त दिवस टिकते. घातलेलं रासायनिक खतही अशा जमिनीत कमी वाया जातं. इंदूरला जे दिसलं त्यात या बदलाचा वाटा मोठा असणार, असं काळ्या जमिनीवर काम केलेला कुणीही सांगेल.

कष्टांचा प्रश्न, आणि पुसदचं उत्तर

इंदूर पद्धतीचं मोठं ओझं म्हणजे मजुरी. तीस फुटी खड्डा तीनदा उलथायचा म्हणजे कमरेचं काम आहे. संस्थेत त्यासाठी ठरावीक माणसं होती आणि कामाची विभागणी होती. हॉवर्ड यांनी मजुरांच्या प्रश्नाचा विचार त्याच पुस्तकात वेगळेपणाने मांडला आहे, कारण हे खत शेवटी त्यांच्या हातांनी होत होतं. कोरडवाहू शेतकऱ्याकडे मात्र उन्हाळ्यात ना पाणी, ना उलथायला माणूस. मोठ्या मळ्यांनी ही पद्धत लवकर उचलली. केनियातल्या कॉफीच्या आणि सिलोनमधल्या चहाच्या मळ्यांपर्यंत ती पोहोचली. गावात ती तेवढी रुजली नाही, याचं कारण मला तरी हेच दिसतं.

संस्थेतलं काम हॉवर्ड यांच्यामागे थांबलं नाही. १९३४ साली जॅक्सन आणि वाड यांनी शहराचा कचरा आणि मैला याच पद्धतीने कुजवण्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. १९३५ साली गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनी संस्थेत जाऊन हे काम पाहिलं. बंगळूरला सी. एन. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास उलथण्याचे कष्ट टाळणारी पद्धत बसवली. त्यात सुरुवातीला हवा मिळते, मग खड्डा चिखलाने लिंपून बंद करतात. श्रम वाचतात, वेळ जास्त लागतो. इंदूरची ती संस्था आज कृषी महाविद्यालय आहे. आणि १९३४ साली ज्या शहराचा कचरा शेतीकडे वळवायचा विचार झाला, त्याच शहरात २०२२ साली रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत करणारा प्रकल्प सुरू झाला, हे वाचलं तेव्हा मला वाड यांची आठवण झाली.

कोरडवाहू शेतकऱ्याला जवळचं वाटेल असं उत्तर मात्र विदर्भातून आलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ढीग उलथण्याऐवजी हवाच आत येऊ दिली. बारा फूट लांब, पाच फूट रुंद, तीन फूट उंच असं विटांचं टाकं, आणि भिंतींत विटा सोडून ठेवलेली छिद्रं. एका टाक्याला चौदाशे-पंधराशे किलो काडीकचरा, शेण फक्त शंभर किलोच्या आत, पावणेदोन टन चाळलेली कोरडी माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी. वरून लिंपायचं. तीन-चार महिन्यांत खत. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘नाडेप’ म्हणतात. इंदूरचा हिशेब यात सगळा आहे: थोडं शेण, भरपूर काडी, माती आणि हवा. फक्त कंबर वाचली. विटांचा खर्च आला, हेही खरं.

आजच्या गोठ्यात

कापसाच्या पट्ट्यात या जुन्या प्रकरणाला आता एक नवं कारण मिळालं आहे. बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामाला तिथूनच निघते. म्हणून पऱ्हाट्या रचून न ठेवता त्यांचा बारीक चुरा करून कुजवा, असा सल्ला दिला जातो. गाडीच्या चाकाचं काम आता ट्रॅक्टरच्या श्रेडरने होतं. चुरा शेतात पसरून दिला तर नत्राची तीच अडचण येते, जी पऱ्हाटी मातीत गाडल्यावर येते. पुढच्या पेरणीला बराच अवकाश असेल आणि वरून थोडं नत्र दिलं तर ती टळते. चुरा गोळा करून तापता ढीग केला तर अळीचाही बंदोबस्त होतो.

पण इंदूरच्या पद्धतीतली एक गोष्ट आपण जवळजवळ गमावली आहे, ती गोठ्याची. नव्या गोठ्यांत सिमेंटचा कोबा असतो. धुवायला सोपा, जनावरांच्या आरोग्याला बरा, त्याबद्दल तक्रार नाही. मूत्र मात्र धुणाच्या पाण्याबरोबर नालीतून थेट ओढ्याला जातं. कोब्याला एका बाजूला बारीक उतार देऊन, पन्हळीतून बाहेरच्या झाकणबंद टाकीत मूत्र घेतलं, तर खोदलेल्या मातीचं काम ही टाकी करते. टाकी उघडी ठेवली तर नत्र अमोनिया होऊन उडून जातं, म्हणून झाकण हवंच. आणि धुणाचं पाणी त्यात मिसळू द्यायचं नाही, नाहीतर टाकी दोन दिवसांत भरते आणि ढीग चिखल होतो. पन्हळीच्या तोंडाशी लाकडी फळी ठेवावी: धुताना वाट नालीकडे, एरवी टाकीकडे. ढीग रचताना तेच मूत्र दुप्पट-तिप्पट पाण्यात मिसळून काडीच्या थरांवर मारायचं, शेणाच्या थरावर नाही. नत्राची गरज काडीला असते.